'लिटल विमेन': मार्चबाईंच्या घरातले संस्कार नेमके चालतात कसे?

ओसरी

लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा विषय निघाला की दोन तट पडतात. (मराठीत ती बहुतेकांना शान्ता शेळके यांच्या 'चौघीजणी'मुळे माहीत आहे.) एक तट म्हणतो, काय सुंदर संस्कार! दुसरा म्हणतो, पानोपानी प्रवचन. दोघांनाही पुस्तकातले तपशील फारसे आठवत नसतात, म्हणून हा धागा.

उजळणी थोडक्यात: मेग १६ वर्षांची, जो १५, बेथ १३, एमी १२. वडील अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेलेले. घरात आई (याच मार्चबाई), जुनी कामवाली हॅना आणि पैशाची ओढाताण. मेग किंग यांच्या मुलांना शिकवायला जाते, जो आंट मार्चच्या दिमतीला असते, बेथ घर बघते, एमी शाळेत जाते. म्हणजे चौघींतल्या दोघी कमावत्या आहेत. हे विसरलं की सगळं पुस्तक नुसतं गोड वाटायला लागतं.

माझं म्हणणं असं की या घरात संस्कार म्हणजे कामाची वाटणी. आणि ती वाटणी कुठे फिसकटते, का फिसकटते, हे अल्कॉट पायरीपायरीने दाखवते.

पहिलं प्रकरण घ्या. प्रत्येकीजवळ एक डॉलर. सैनिकांचे हाल चाललेत तेव्हा यंदा भेटवस्तू नकोत, असं आईने सुचवलेलं, आणि त्यावर चौघींची कुरकुर. मग ठरतं की आपापल्या डॉलरचं आईलाच काही घ्यायचं: मेगचे हातमोजे, जोच्या सपाता, बेथचे कडा शिवलेले रुमाल, एमीची कोलनची बाटली. एमी लबाडी करते. बाटली लहान घेते, म्हणजे उरलेल्या पैशांत फेबरच्या चित्रकलेच्या पेन्सिली येतील. नाताळच्या सकाळी वाचन होतं, चांगलं वागण्याच्या गोष्टी होतात. तिच्या बाटलीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ती आपणहून कोपऱ्यावरच्या दुकानात पळत जाते आणि सगळे पैसे घालून मोठी बाटली बदलून आणते.

हमेल या गरीब कुटुंबाला आपली नाताळची न्याहारी देण्याचा प्रसंगही असाच बघावा. नुसतं 'गरिबांना अन्न दिलं' एवढ्यावर तो संपत नाही. त्या खोलीत विस्तव नाही, तावदानं फुटलेली, सहा मुलं एका अंथरुणात, शेजारी तान्हं बाळ. हॅना घरून लाकडं वाहून नेते, चूल पेटवते, जुन्या टोप्या आणि स्वतःचा झगा कोंबून खिडकी बुजवते. आई बाळंतिणीला चहा आणि पेज देते, बाळाला कपडे घालते. मुली इतरांना भरवतात. कोणी काय केलं ते नावानिशी आहे.

तिखटमीठ

सगळं खरं, पण त्याच संध्याकाळी शेजारचे लॉरेन्स आजोबा गुलाबी आणि पांढरं असं दोन प्रकारचं आइस्क्रीम, केक, फळं, फ्रेंच गोळ्या आणि वर चार पुष्पगुच्छ पाठवतात. सकाळी दान, रात्री व्याजासकट परत. सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणीसुद्धा एवढ्या लवकर फळ मागत नाही. आकडे देताय तर हाही जमेला धरा.

खडूफळा

तिखटमीठ, तो आक्षेप पहिल्या दोन प्रकरणांपुरता ठीक आहे. पुढे फळ मिळायचं थांबतं.

सातवं प्रकरण, लिंबांचं. एमीच्या शाळेत खारवलेल्या लिंबांची टूम निघालेली. कोणी दिलं की परत द्यायचं, नाहीतर नाक कापलं. एमीवर डझनभर तरी लिंबांची उधारी चढलेली. मेग तिला पाव डॉलर देते. ती २५ लिंबं घेऊन निघते आणि वाटेत एक खाते, उरली २४. मास्तरांनी लिंबांवर बंदी घातलेली. एक मुलगी चुगली करते. शिक्षा अशी की दोन-दोन लिंबं उचलून खिडकीबाहेर फेकायची, मग हातावर छड्या, मग सुट्टी होईपर्यंत वर्गापुढच्या चौथऱ्यावर उभं राहायचं.

घरी आल्यावर आई काय करते ते बघा. मुलीला शाळेतून काढते. जो पत्र घेऊन जाते, एमीचं सामान गोळा करते आणि दारातल्या पायपुसण्यावर बुटांचा चिखल खरवडून निघते. (ही खास जो!) एमीला वाटतं आपण जिंकलो. तेव्हा आई सांगते की मारणं मला मान्य नाही, पण नियम तू मोडलास, थोडी शिक्षा तुला व्हायलाच हवी होती. मुलीची बाजू घेणं आणि मुलीची चूक दाखवणं, दोन्ही एकाच संध्याकाळी. आपल्याकडे पालक यातलं एकच काहीतरी करतात.

यामागे घरची पार्श्वभूमी आहे. अल्कॉटचे वडील ब्रॉन्सन बॉस्टनला टेंपल स्कूल नावाची शाळा चालवत. त्यांनी तिथे चुकलेल्या मुलाला छडी मारण्याऐवजी त्याच्याकडून स्वतःच्या हातावर छडी मारून घेतल्याची नोंद आहे. मुलं रडकुंडीला येत. छडीबद्दलचं मार्चबाईंचं मत तिथून आलेलं असावं.

पानगळ

आठव्या प्रकरणाशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. बहिणींच्या भांडणावर इतकं नेमकं लिहिलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मेग आणि जो लॉरीबरोबर (लॉरेन्स आजोबांचा नातू) नाटकाला निघतात. एमीला न्यायला जो नकार देते, आणि तोही तोडून. एमी सूड म्हणून जोचं हस्तलिखित जाळते. ते जळणं एवढं का लागतं? त्यात सहाएक परीकथा होत्या, कित्येक वर्षांच्या मेहनतीच्या. जोने त्या नुकत्याच सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेल्या आणि जुनी प्रत नष्ट केलेली. म्हणजे दुसरी प्रतच नाही. जो माफ करत नाही. राग मनात ठेवून झोपू नकोस, असं आई कानात सांगते, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी जो आणि लॉरी नदीवर स्केटिंगला जातात. एमी मागून धावत येते. लॉरी पुढून ओरडून सांगतो की काठाकाठाने या, मधला बर्फ पातळ आहे. जोला ऐकू येतं, एमीला येत नाही. आणि जो ते पुढे सांगत नाही. बस, एवढंच. ढकललं नाही, खोटं बोलली नाही, फक्त निरोप पोचवला नाही. एमी बर्फ फुटून पाण्यात जाते. जो जागच्या जागी गोठते. लॉरी पालथा पडून हाताने आणि हॉकीच्या काठीने एमीला धरून ठेवतो, मग जो कुंपणाची आडवी फळी उपसून आणते. (पातळ बर्फावर माणूस काढायची रीत आजही हीच: उभं राहायचं नाही, वजन पसरायचं, लांब वस्तू पुढे करायची.)

आणि मग आईचं बोलणं. मीही जवळजवळ रोज रागावते, चाळीस वर्षं हा स्वभाव घालवायचा प्रयत्न चाललाय, जमलंय ते एवढंच की तो दिसू देत नाही. राग ओठांवर आला की बाबा ओठांवर बोट ठेवून खूण करत, आणि मी खोलीबाहेर जात असे. १८६८ सालच्या मुलींच्या पुस्तकात आदर्श आई असं बोलते! या प्रसंगात उपदेशाचा भाग एका वाक्याचा आहे, बाकी सगळी पद्धत आहे: खूण कोणती, कोणी करायची, मग कुठे जायचं.

डबाऐसपैस

+१. आणि बाबा खूण करणारे होते, ते वर्षभर घरात नाहीत. तिचा राग आता कोण थोपवतं, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही.

रोजमेळ

मला अकरावं प्रकरण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आठवडाभर काम नाही, फक्त मजा, असा मुलींचा प्रयोग. आई अडवत नाही. शनिवारी ती हॅनालाही सुट्टी देते आणि स्वतः खोलीत वाचत बसते. जो जेवणाला पाहुणे बोलावून बसलेली.

शतावरी तासभर उकळली: शेंडे गळून गेले आणि देठ होते त्याहून कडक. पाव जळून कोळसा, कारण ती सॅलडच्या मसाल्याशी झुंजत होती आणि बाकी कशाकडे लक्षच नव्हतं. बटाटे कच्चे, कारण शतावरी खोळंबायला नको म्हणून घाईने उतरवले. लॉबस्टर ठोकून ठोकून फोडला तर मांस एवढंसं, ते सॅलडच्या पानांत लपवलं. ब्लांमांज या दुधाच्या पुडिंगमध्ये गुठळ्या. स्ट्रॉबेरीवर साखरेऐवजी मीठ, आणि वरची साय आंबलेली.

बहुतेक घोटाळ्यांचं मूळ एकच आहे. पदार्थ सुटे सुटे तिला कदाचित जमले असते, पण चार पदार्थ एकाच वेळी तयार व्हायला कोणता कधी चुलीवर ठेवायचा हा हिशेब तिने केलाच नव्हता. हॅना रोज तो डोक्यात करते, म्हणून कोणाला दिसत नाही. शतावरीचं म्हणाल तर बुडखा कितीही उकळला तरी मऊ होत नाही. तो आधीच मोडून टाकायचा आणि शेंड्यांना काही मिनिटं पुरतात.

याच आठवड्यात बेथचा कॅनरी पक्षी उपाशी मरतो. चौघींतली सर्वांत जबाबदार मुलगी त्याला दाणापाणी द्यायला विसरते. अल्कॉट विनोदात हा खिळा ठोकून जाते.

साखरपाक

स्वयंपाकावर आलोच आहोत तर मेगची जेली घ्या (दुसरा भाग, २८वं प्रकरण). लग्न नुकतंच झालेलं. घरची करंट नावाची छोटी आंबट फळं पिकलेली. तिने डझनभर छोट्या बरण्या आणि जास्तीची साखर मागवली, तर नवऱ्याने, जॉनने, चार डझन बरण्या, अर्धं पिंप साखर आणि फळं तोडायला एक पोरगा पाठवला. उकळलं, गाळलं, पुन्हा उकळलं, पुन्हा साखर, पुन्हा गाळलं. जेली धरेचना. हॅना कोणती गोष्ट करायची जी आपण केली नाही, हे ती आठवून आठवून दमते.

कादंबरीत कारण दिलेलं नाही, पण वर्णनावरून ओळखता येतं. करंटमध्ये पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळातला घटक) आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात, जेलीला याहून सोपं फळ नाही. तरी ती बिघडते ती अशी:

फळ जास्त पिकलं की पेक्टिन कमी होतं. म्हणून थोडी कच्ची फळं मुद्दाम मिसळतात.

एकदम मोठा घाणा घातला तर पाणी आटायला फार वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळ उकळून पेक्टिन मोडतं. एका वेळी चार ते सहा वाट्या रस, त्याहून जास्त नाही. चार डझन बरण्यांचा माल एका दिवसात म्हणजे आपत्तीला आवतण.

पुन्हा पुन्हा उकळणं हा तर शेवटचा घाव. एकदा मोडलेलं पेक्टिन साखर वाढवून परत येत नाही, गोड सरबत होतं.

साधारण एक वाटी रसाला पाऊण ते एक वाटी साखर. उकळी १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला आली की उतरवायचं. थर्मामीटर नसेल तर चमचा आडवा धरून बघायचा: थेंब सुटे न पडता दोन थेंब जुळून पापुद्र्यासारखे ओघळले की झालं. पेरूच्या जेलीलाही हेच नियम, फक्त पेरूत आम्ल कमी म्हणून लिंबू पिळावं लागतं.

ओसरी

क्या बात है! आणि नेमकी त्याच दिवशी जॉन न सांगता मित्राला जेवायला घेऊन येतो. चूक त्याची म्हणावी तर मेगनेच लग्नानंतर शब्द दिलेला की कधीही, कोणालाही आण, घर आवरलेलं असेल, मी कुरकुरणार नाही. असा बिनमुदतीचा शब्द सगळ्यांत वाईट दिवशीच वटवला जातो. भांडण मिटतं ते आईचं जुनं सांगणं आठवून: दोघंही चुकले असतील तर आधी तू माफी माग.

नाकासमोर

"आधी तू माफी माग." यावर कोणीच थांबणार नाही का? आणि हे कोणाला सांगितलंय, तर मुलीला. जॉनला कोणी सांगितलेलं नाही.

माझा मोठा आक्षेप मात्र बेथबद्दल आहे. सतराव्या प्रकरणात आई वॉशिंग्टनला, आजारी वडिलांजवळ. पहिला आठवडा घरात इतकं पुण्य साठतं की गल्लीला पुरेल, असं लेखिका स्वतःच टोमणा मारते. मग ढिलाई. बेथ रोज हमेलांकडे जाते. एक दिवस ती म्हणते, बाळ आजारी आहे, तुम्ही कोणीतरी जा. मेग दमलेली. जोला सर्दी, पण लॉरीबरोबर बाहेर पडण्यापुरती बरी. एमी आली की जाईल म्हणून थांबतात, एमी येत नाही, शेवटी बेथच जाते. बाळ तिच्या मांडीवर जातं. लालज्वर. गंमत म्हणजे मेग आणि जो दोघींना तो आधी होऊन गेलेला. ज्यांना धोका नव्हता त्या घरी बसल्या, जिला होता ती गेली. वर हॅना म्हणते की आईला कळवायचं नाही.

ओसरी म्हणतात ना कामाची वाटणी, तर ही वाटणी. जी नाही म्हणत नाही तिच्यावर सगळं येतं. घराघरांत हेच होतं. पुस्तक तिला देवी करून मोकळं होतं.

पानगळ

नाकासमोर, 'मोकळं होतं' पटत नाही. दोघींचं नाही म्हणणं लेखिकेने संवादासकट मांडलंय आणि जो नंतर स्वतःला दोष देते, तो पुसून टाकलेला नाही. बेथ त्या आजारातून उठते पण पूर्वीसारखी होत नाही, आणि दुसऱ्या भागात, ४०व्या प्रकरणात जाते.

हे घरचं दुःख आहे. अल्कॉटची बहीण एलिझाबेथ हिला १८५६ मध्ये लालज्वर झाला, तोही आईने मदत केलेल्या गरीब कुटुंबातून आलेला. १४ मार्च १८५८ ला ती गेली, वय २२. कादंबरीतलं मरण बरंच शांत आहे. लालज्वर हा घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा आजार, मागाहून हृदयावर परिणाम करू शकतो, आणि तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. डॉक्टर बेथला बेलाडोना (तेव्हाचं एक वनस्पतीचं औषध) घ्यायला सांगतात, यावरून काळ कळतो.

तिखटमीठ

वडिलांचा मुद्दा राहिला. वर्षभर बाहेर, आणि परत आल्यावर २२व्या प्रकरणात बसून चौघींना प्रगतिपुस्तक वाटतात. मेगच्या हातावरचा भाजल्याचा डाग आणि घट्टे बघून कौतुक. एमीने जेवताना कोंबडीची तंगडी घेतली, स्वतःची चांगली जागा मेगला दिली, म्हणून कौतुक. काम बघितलं हे चांगलंच, पण ते करून घेणारी बाई शेजारीच बसली होती.

खऱ्या आयुष्यात तर मामला आणखी बिकट. ब्रॉन्सन अल्कॉटनी १८४३ मध्ये फ्रूटलँड्स नावाची आदर्श वसाहत काढली: मांस नाही, दूध नाही, कापूसही नाही कारण तो गुलामांच्या श्रमाचा. सातेक महिन्यांत बोऱ्या वाजला. घर चालवलं बायकोने आणि मुलींनी. कादंबरीतल्या वडिलांना लेखिकेने लढाईवर पाठवलं ते का, हे ज्याचं त्याने ओळखावं.

खडूफळा

नाकासमोर यांच्या "जॉनला कोणी सांगत नाही" याला ३८वं प्रकरण हे उत्तर आहे, निदान अर्धं. जुळी मुलं झाल्यावर मेग बाळांतच गुरफटते, जॉन संध्याकाळी शेजारच्या मित्राकडे जाऊन बसायला लागतो. मेग आईकडे तक्रार करते. आई सांगते: नवऱ्याला बाळांच्या खोलीतून हद्दपार करू नकोस, त्याला कामाला लाव. हॅनाला मदतीला घे. रोज थोडी बाहेर पड. तो वाचतो त्यात लक्ष घाल.

मग जुळ्यांतल्या मुलाची, डेमीची, झोपायची वेळ. मेग त्याला पडून राहायला साखरेचा खडा देते, पोरगं खडा चघळत पुन्हा खाली हजर. जॉन त्याला उचलून पलंगावर ठेवतो. तो उठतो, हा परत ठेवतो. बोलणं नाही, मारणं नाही. मुलगा किंचाळतो, मेगचा जीव तुटतो, तरी जॉन बधत नाही: झोपायचं सांगितलंय, रात्रभर बसावं लागलं तरी बसेन. शेवटी मेग आत डोकावते तर दोघंही झोपलेले, मुलाच्या मुठीत बापाचं बोट. खडा का फसतो? कारण उठून बसलं की खडा मिळतो, हेच पोराने शिकलेलं असतं.

रोजमेळ

मेगच्या ५० डॉलरच्या जांभळ्या रेशमाचाही हिशेब लिहून ठेवतो, कारण सिनेमांत तो धावता येतो. आंट मार्च नववर्षाला प्रत्येकीला २५ डॉलर देते, ते महिन्याने येणार. उरलेले २५ घरखर्चातून. म्हणजे न आलेल्या पैशावर अर्धी खरेदी. जॉन ओरडत नाही, तो गुपचूप स्वतःच्या नव्या ओव्हरकोटची ऑर्डर रद्द करतो. मेग मग मैत्रीण सॅलीला कापड विकत घ्यायची गळ घालते आणि त्याच पैशात कोट घरी आणवते.

जोचंही तसंच. केस विकून २५ डॉलर. पुढे सनसनाटी कथेचं १०० डॉलर बक्षीस, त्यातून बेथ आणि आई समुद्रकिनारी. मग एका कथेतून खाटकाची उधारी, एकीतून नवा गालिचा.

डबाऐसपैस

२०१९ च्या चित्रपटात एमी लग्नाला आर्थिक व्यवहार म्हणते, मला पैसा असता तरी लग्नाच्या क्षणी तो नवऱ्याचा झाला असता, असं. संवाद दणकेबाज आहे, कादंबरीत नाही. शिवाय अल्कॉटच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचा आणि कमाईचा हक्क १८५५ च्या कायद्याने मिळालेला होता.

जो–लॉरी लग्नासाठी वाचकांची पत्रं आली तेव्हा अल्कॉटने रोजनिशीत साफ लिहिलं की कोणाला खूश करायला मी जोचं लॉरीशी लग्न लावणार नाही.

अवांतर: त्या काळातली अमेरिकन घरं आणि बायकांची स्थिती मराठी नजरेतून वाचायची तर पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं १८८९ चं पुस्तक बघा. त्या १८८६ मध्ये तिथे पोचल्या, तेव्हा अल्कॉट हयात होती.

नवी_वाचक

११-१२ वर्षांच्या मुलींच्या वाचनगटासाठी इंग्रजीतून घ्यायचं आहे. कोणती आवृत्ती? सगळं एकदम झेपेल का?

पानगळ

दुकानात हातात घेऊन आधी प्रकरणं मोजा. ४७ असतील तर पूर्ण. २३ असतील तर फक्त पहिला भाग, जो ३० सप्टेंबर १८६८ ला आला. दुसरा एप्रिल १८६९ चा, ब्रिटिश आवृत्त्यांत तो 'गुड वाइव्ज' नावाने वेगळा मिळतो. २३ हून कमी असतील तर संक्षिप्त, ठेवून द्या.

मग पहिल्या प्रकरणात आई घरी येते तिथलं वर्णन बघा. मूळ १८६८ च्या मजकुरात ती जाडसर आहे. १८८० च्या सुधारित आवृत्तीत उंच आणि भारदस्त झाली, लॉरीचं लांब नाकही देखणं झालं, मुलींच्या बोलीतला रांगडेपणा घासून काढला. मिळालं तर जुनंच घ्या.

गटासाठी फक्त पहिला भाग. आठवड्याला दोन प्रकरणं म्हणजे तीन महिने. दहावं (पिकविक क्लब) डिकन्स माहीत नसेल तर अडतं, ते मागाहून घेतलं तरी चालेल. सातवं आणि आठवं मात्र लागोपाठ घ्या, आणि आठव्यात "जोने निरोप का नाही सांगितला" इथेच थांबवून मुलींना बोलू द्या, आईचं भाषण त्यानंतर वाचा.

साखरपाक

आणि अकराव्याच्या दिवशी स्ट्रॉबेरी न्या. मीठ आणि साखर दोन्ही बिनलेबलाच्या बरण्यांत.